क्लोझापिन घरीच सुरू करताना घरच्यांना काय काय सांगावं?

समुदाय_परिचारिका

नमस्कार मंडळी.

तालुक्याच्या मनोविकार ओपीडीत ज्यांना क्लोझापिन हे मनोविकाराचं औषध सुरू होतं, त्यांच्या घरच्यांच्या हातात द्यायला एक पाठपोट कागद तयार करते आहे. पेशंट सगळे छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे). रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशी दोन वेगळी औषधं पुऱ्या डोसमध्ये किमान सहा-सहा आठवडे घेऊनही कानातले आवाज आणि संशय गेलेले नाहीत. भरती करायला खाट नाही आणि घरच्यांची तयारीही नाही, म्हणून औषध घरीच चढवायचं आहे.

सध्या हाताशी असलेल्या पत्रकात “दर आठवड्याला रक्त तपासा” एवढंच ठळक छापलंय. मला हे नेमकं हवं आहे:

१) घरी डोस किती वेगाने वाढवायचा?
२) रिपोर्टमधला कोणता आकडा बघायचा?
३) गोळ्या चुकल्या तर काय करायचं?
४) बिडी, तंबाखू, चहा, उपवास यांचा काही संबंध आहे का?
५) कोणती लक्षणं दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा?

डोस ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, ते त्यांच्याकडेच राहील. पण घरच्यांना कारण कळलं तर ते पाळतात, म्हणून कारणांसह लिहा.

---

मनोविकारतज्ज्ञ_विदर्भ

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. या औषधाबद्दलची भीती एकाच गोष्टीवर साचली आहे आणि धोके मात्र इतर ठिकाणीही आहेत.

ती भीती आली कुठून, हे घरच्यांनाही दोन ओळींत सांगावं. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी पार नाहीशा झाल्या आणि जंतुसंसर्गाने त्यातले आठ जण दगावले. औषध बऱ्याच ठिकाणी मागे घेतलं गेलं. मग १९८८ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत सहा आठवड्यांत क्लोझापिनने ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के. त्या निकालावर, रक्ततपासणीच्या अटीसह, औषध परत आलं. दोन औषधं हरल्यावर तिसरं, चौथं साधं औषध देऊन बघण्यात पेशंटची वर्षं जातात. त्या टप्प्यावर क्लोझापिनच्या तोडीचं दुसरं काही आजही नाही. आत्महत्येचे विचार असणाऱ्या रुग्णांत तर ते आणखी मोलाचं आहे.

आता डोस. पहिल्या रात्री १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ च्या गोळीची अर्धी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी २५. औषधासोबतच्या माहितीपत्रकात दोन आठवड्यांत ३०० ते ४५० पर्यंत नेण्याचं वेळापत्रक असतं. घरी सुरू करताना मी ते अजिबात वापरणार नाही. आशियाई वंशाच्या लोकांत क्लोझापिनचं विघटन संथ होतं, त्यामुळे आपल्याकडे कमी डोस पुरतो आणि तो हळू चढवावा लागतो. पहिल्या आठवड्याअखेर ५०, दुसऱ्याच्या अखेरीस १००, पुढे आठवड्याला साधारण ५० ची वाढ, हा वेग घरी झेपतो. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या बाईला १५० ते २०० मध्येच गुण येऊ शकतो. दिवसाला बंडलभर बिड्या ओढणाऱ्या पुरुषाला ३०० किंवा जास्त लागू शकतं. वेगाने चढवलं तर तीन गोष्टी बिघडतात: उठल्यावर रक्तदाब घसरून माणूस पडतो, झोप इतकी येते की जेवण सुटतं, आणि हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका वाढतो.

ही हृदयाची सूज पहिल्या चार आठवड्यांत सर्वाधिक दिसते. ताप, धाप, छातीत दुखणं, किंवा बसल्याजागी नाडी १२० च्या वर, यातलं काहीही दिसलं की पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन. जिथे सोय आहे तिथे पहिले चार आठवडे दर आठवड्याला सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी) करावं. ट्रोपोनिन नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दुपटीवर गेलं किंवा सीआरपी १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढे गेली, तर औषध थांबवून लगेच हृदयाची तपासणी. ट्रोपोनिनची सोय नसेल तिथे निदान सीआरपी करा आणि घरी दिवसाआड नाडी व ताप वहीत लिहायला लावा. पहिल्या तीन आठवड्यांत नुसता हलका ताप बऱ्याच जणांना येतो आणि जातो, नाडी थोडी वाढलेलीही राहते. पण तो साधा आहे हे घरच्यांनी ठरवायचं नाही.

सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, चरबीची तपासणी, ईसीजी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). वजन दर महिन्याला. वाढायला लागलं की लगेच मेटफॉर्मिनचा (मधुमेहावरची गोळी) विचार करता येतो, दहा किलो वाढेपर्यंत थांबू नये.

जुनं औषध एकदम बंद करत नाहीत. क्लोझापिन चढेल तसं ते उतरवतात. सोबत सवयीने ट्रायहेक्सिफेनिडिल (अंग आखडू नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर तेही डॉक्टरांना विचारून हळूहळू काढायला हवं. क्लोझापिनने अंग आखडणं क्वचित होतं, म्हणून त्या गोळीची गरज उरत नाही, आणि ती बद्धकोष्ठता मात्र आणखी वाढवते.

---

रक्तपेढी_ते_प्रयोगशाळा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण इथेच गोंधळ जास्त होतो.

रिपोर्टमध्ये फक्त एकूण पांढऱ्या पेशी बघून चालत नाही. बघायचा आकडा न्यूट्रोफिलचा (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा), आणि तोही टक्क्यांत नाही, प्रत्यक्ष संख्येत. गणित सोपं आहे: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के भागिले १००. समजा एकूण ४२०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, तर १६८०. एकूण ६००० असूनही न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर संख्या १२०० भरते. म्हणजे “पांढऱ्या पेशी नॉर्मल” असं म्हणून घरी पाठवलेला रिपोर्ट धोक्याचा असू शकतो. बऱ्याच यंत्रांवर ही संख्या थेट छापून येते. येत नसेल तर कागदावर गणिताची ओळ छापा.

मर्यादा दोन पद्धतींनी सांगितल्या जातात. ब्रिटनच्या पद्धतीत न्यूट्रोफिलची संख्या १५०० च्या खाली गेली की औषध थांबवतात, १५०० ते २००० मध्ये आठवड्यातून दोनदा तपासतात. अमेरिकेच्या पद्धतीत १००० ते १५०० मध्ये औषध चालू ठेवून आठवड्यातून तीनदा तपासणी, १००० च्या खाली थांबवणे. तुमचे डॉक्टर कोणती पद्धत पाळतात ते विचारून एकच कागदावर लिहा. दोन्ही लिहिल्या तर आशाताईंनाही कळणार नाही आणि घरच्यांनाही.

किती वेळा, तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढे महिन्याला एकदा. पेशी धोकादायक पातळीला उतरण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे, आणि त्यातल्या बहुतेक घटना याच पहिल्या १८ आठवड्यांत होतात, म्हणून सुरुवातीला इतकी घाई. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये रिपोर्ट नोंदवल्याशिवाय औषध न देण्याची सक्तीची योजना काढून टाकली. त्याचा अर्थ तपासणी नको असा कुणी घेऊ नये. कागदोपत्री अडथळ्यामुळे लोकांचं औषध तुटत होतं, म्हणून योजना गेली. तपासण्याची शिफारस कायम आहे.

दोन बारकावे. सकाळी लवकर घेतलेल्या रक्तात न्यूट्रोफिल थोडे कमी दिसतात. आकडा काठावर आला आणि माणूस ठणठणीत असेल तर दुपारी पुन्हा नमुना घ्यावा. दुसरं, पावसाळ्यात डेंग्यू आणि इतर विषाणूंच्या तापात पांढऱ्या पेशी तशाही उतरतात. म्हणून क्लोझापिनवरच्या माणसाला ताप किंवा घसादुखी आली की त्याच दिवशी सीबीसी, आणि चिठ्ठीवर “क्लोझापिन चालू” असं ठळक लिहायचं. नाहीतर प्रयोगशाळा तो रिपोर्ट सगळ्यांसारखाच संध्याकाळच्या गठ्ठ्यात ठेवते.

---

औषधनिर्माता_कोल्हापूर

चुकलेल्या गोळ्यांचा नियम कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापा, ताई. एक वेळची गोळी राहिली तर पुढच्या वेळी नेहमीचीच घ्यायची, दुप्पट नाही. शेवटच्या गोळीपासून ४८ तास उलटले तर जुना डोस घ्यायचा नाही. डॉक्टरांना कळवून पुन्हा १२.५ पासून सुरुवात. दोन दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते. ३०० घेणाऱ्या माणसाने तीन दिवसांनी एकदम ३०० घेतले तर रक्तदाब कोसळून तो बेशुद्ध पडू शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी नीट सोसलेलं असेल तर दुसऱ्या वेळी डॉक्टर जरा लवकर चढवतात, पण सुरुवात खालूनच.

खंड पडतो तो ठरलेल्या ठिकाणी: लग्नकार्य, यात्रा, गाव बदलणं, आणि स्ट्रिप रविवारी संपणं. घरी सात दिवसांचा साठा नेहमी शिल्लक ठेवायला सांगा. पिशवीत चिठ्ठीचा फोटोही असू द्या. परगावच्या दुकानात चिठ्ठीशिवाय हे औषध मिळत नाही, आणि मिळू नयेच.

आता बिडी. विडीच्या धुरातले पदार्थ यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोरात चालवतात आणि क्लोझापिन लवकर फुटून जातं. त्यात निकोटिनचा काही हात नाही. म्हणून तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री यांनी क्लोझापिनची पातळी हलत नाही (त्यांचे बाकीचे तोटे आहेतच). बिडी ओढणारा माणूस दवाखान्यात भरती झाला, तिथे बिडी बंद झाली, की आठवड्याभरात त्याच डोसवर रक्तातली पातळी दीडपट-दुपटीपर्यंत चढते. मग सुस्ती, लाळ, झटके. उलटही होतं: दवाखान्यात डोस बसवला, घरी येऊन बिडी सुरू झाली आणि महिनाभरात आवाज परतले. घरचे म्हणतात औषध लागू पडत नाही. तर बिडी सोडण्याआधी सांगायचं. डॉक्टर साधारण पाव भागाने डोस उतरवून बघतात.

कॅफिनने पातळी वाढते. चहाचे रोजचे चार कप असतील तर असू द्या, एकदम दहावर नेऊ नयेत. कॉफीला हे जास्त लागू.

आणि गावातल्या दवाखान्यात मिळणारी ही औषधं कागदावर नावानिशी लिहा:

सिप्रोफ्लॉक्सासिन (जुलाबाला, लघवीच्या जळजळीला सर्रास देतात): क्लोझापिनची पातळी कित्येक पटींनी वाढू शकते. फ्लुवोक्सामिनही (नैराश्यावरचं औषध) तसंच. कार्बामाझेपिन (फिटची गोळी): पांढऱ्या पेशींवर दुहेरी मार, सोबत नकोच. डायसायक्लोमिन (पोटदुखीची गोळी), लोपेरामाइड (जुलाब थांबवणारी गोळी), सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन: आतडं आणखी मंद करतात. झोपेच्या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांत श्वास मंदावू शकतात.

---

समुदाय_परिचारिका

खूप उपयोगी. दोन उपप्रश्न.

एक, बद्धकोष्ठतेला घरोघरी इसबगोल देतात, ते चालू ठेवायला सांगू का? दुसरं, काही घरांत पेशंटला न सांगता गोळी भाजीत किंवा चहात घालतात. क्लोझापिनही तसंच देणार असं एका कुटुंबाने स्पष्ट विचारलं आहे.

---

मनोविकारतज्ज्ञ_विदर्भ

इसबगोल नको. हा मुद्दा आधीच मोठा करून लिहायला हवा होता.

क्लोझापिनने आतड्याची हालचालच मंदावते. इसबगोल पाणी शोषून फुगतो आणि हलणाऱ्या आतड्याला ढकलायला काहीतरी देतो. आतडं हलतच नसेल तर तो फुगलेला लगदा आत साचतो आणि अडथळा वाढतो. इथे चालतात ती आतडं हलवणारी औषधं, सेना किंवा बिसाकोडिल, आणि सोबत मल मऊ करणारं, पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोज. बहुतेक रुग्णांना पहिल्या दिवसापासूनच हे सुरू करावं, पोट बांधलं जाण्याची वाट बघू नये. दिवसा दोन लिटर पाणी, रोज अर्धा तास चालणं. जेवणात भाकरी, पालेभाजी असावीच, पण तेवढ्यावर विसंबू नये.

गंभीर बद्धकोष्ठतेतून आतडं अडकणं, फुगणं, फाटणं हे सगळं नोंदलेलं आहे, आणि अभ्यासांत त्यातून होणारे मृत्यू पांढऱ्या पेशींमुळे होणाऱ्या मृत्यूंपेक्षा जास्त आढळले आहेत. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दलचा इशारा अधिक कडक केला. तरी आपल्याकडे फाइलमध्ये सीबीसीचे वीस रिपोर्ट सापडतात आणि शौचाची एक नोंद नसते.

अडचण अशी की पेशंट स्वतःहून बोलत नाही. विचारलं तर “होते” म्हणतो. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण: झाली की बरोबर, नाही की फुली. दोन दिवस फुली आली तर ठरवून दिलेल्या औषधाचा डोस वाढवायचा. तीन दिवस फुली, तर दवाखाना. पोट फुगलं, दुखतंय, उलटी होतेय, वारा सरत नाही, यातलं एक जरी असलं तर दिवस मोजत बसू नये, त्याच तासाला सर्जन असलेल्या रुग्णालयात. आणि “अडकूनही पातळ जुलाब” हेही लिहा. कडक मळाच्या कडेने पातळ झिरपतं, घरचे जुलाब समजून लोपेरामाइड देतात, आणि तेच घात करतं.

उपवासाचं इथेच येतं. उपवास धरू नये असं मी म्हणणार नाही. पण निर्जळी नको, आणि साबुदाण्यावरच दिवस काढू नये. त्या दिवशी पाणी, ताक आणि फळं जास्त.

लाळेबद्दलही थोडं. रात्री उशी भिजते, आणि झोपेत लाळ श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया होतो. कुशीवर झोपवा, उशी थोडी उंच, वर टॉवेल. तरी थांबली नाही तर ॲट्रोपिनचे डोळ्यांचे थेंब जिभेखाली किंवा ग्लायकोपायरोलेट, पण ते बद्धकोष्ठता वाढणार नाही हे सांभाळून आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच.

---

मनोसामाजिक_कार्यकर्ती

न सांगता गोळी देण्याबद्दल. क्लोझापिनच्या बाबतीत तर हे कधीच नको.

कारणं अगदी व्यवहाराची आहेत. भाजी अर्धी टाकली तर डोस किती गेला हे कुणालाच कळत नाही. दोन दिवस घरी जेवला नाही तर ४८ तासांचा नियम मोडला हे लक्षात येत नाही, आणि तिसऱ्या दिवशी चहातून पूर्ण डोस जातो. तोच माणूस गावातल्या डॉक्टरकडे गेला तर आपण क्लोझापिनवर आहोत हे तो सांगू शकत नाही. दर आठवड्याला दंडातून रक्त का काढतात, याचं खरं कारण नसेल तर ज्याला आधीच संशयाचा आजार आहे त्याचा संशय खरा ठरतो. कळलं त्या दिवशी औषध सुटतं, आणि बरेचदा घरचं जेवणही.

कायद्याचंही आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचाराला माहितीपूर्वक संमती हवी. निर्णय घेण्याची क्षमता त्या वेळी नसेल तर त्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी आणि ठरलेली प्रक्रिया आहे, भाजी नाही. पेशंटशी बोलताना “तुझ्या वेडावर गोळी” असं न म्हणता त्याला जे छळतंय तिथून सुरुवात करावी: झोप, आवाज, कामावर लक्ष न लागणं. बरेच जण तेवढ्यासाठी तयार होतात.

त्याच कायद्याच्या कलम १८ मध्ये अत्यावश्यक यादीतली मनोविकाराची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत मोफत देण्याची तरतूद आहे. औषध शिल्लक नाही असं सांगितलं तर लेखी मागणी नोंदवा, आणि मधल्या काळात खंड पडू नये म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवा. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस ही मानसिक आरोग्याची शासकीय हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही चालतं. तातडीच्या लक्षणाला मात्र फोनवर वेळ घालवू नये, १०८ रुग्णवाहिका बोलवावी.

एक गोष्ट पेशंट लाजेने लपवतात: रात्री अंथरुणात लघवी होणं. औषधाचा परिणाम आहे, इलाज होतो. कागदावर तुम्हीच लिहून टाका, म्हणजे त्याला तोंड उघडावं लागत नाही. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी, दोन लिटरचं गणित त्याआधी पुरं करायचं.

---

औषधनिर्माता_कोल्हापूर

झटक्यांबद्दल राहिलं. डोस दिवसाला ६०० मिलिग्रॅमच्या पुढे गेला किंवा रक्तातली पातळी ६०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेली की फिट येण्याचा धोका ठळक वाढतो. फिट येण्याआधी बऱ्याचदा खुणा दिसतात: हातातून कप निसटणं, चालताना गुडघा अचानक लचकणं, अंगाला बारीक हिसके. घरच्यांना हे “धांदरटपणा” वाटतं. कागदावर टाका.

पातळी मोजायची तर रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. ३५० च्या खाली असेल आणि गुण नसेल तर डोसला वाव आहे. आधी गोळी घेऊन गेलेल्या माणसाचा आकडा फसवा येतो.

---

समुदाय_परिचारिका

सगळं टिपून घेतलं. शेवटचं एक: गुण यायला किती थांबायचं असं सांगू? दुसऱ्या महिन्यातच “काही फरक नाही” म्हणून गोळ्या बंद करतात.

---

मनोविकारतज्ज्ञ_विदर्भ

पुरेशा डोसवर किंवा पातळीवर पोचल्यापासून तीन महिने, काहींना सहा. चढवण्याचे आठवडे यात धरू नका. झोप आणि चिडचिड आधी सुधारते, आवाज मागाहून विरतात, काहींचे पूर्ण जात नाहीत पण त्यांचा जोर जातो.

आणि बंद करायचंच झालं तर एकदम नाही. अचानक सोडलं की मळमळ, घाम, जुलाब, झोप उडणं, आणि थोड्याच दिवसांत आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळतो. रक्तपेशी किंवा हृदयाच्या कारणाने तत्काळ थांबवावं लागलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा पेशंट डॉक्टरांच्या नजरेखालीच हवा. कागदाचा मसुदा झाला की इथे टाका, मी मर्यादांचे आकडे तपासून देतो.